तांबडा राघू

तिकोणे गुरुजींबद्दल तुम्हाला पक्कं काय माहीत आहे, असं कुणी विचारलं तर माझी पंचाईत होते. लोणावळ्याच्या एका शाळेत आम्ही आठ-नऊ वर्षं शेजारी शेजारी शिकवलं. मधली भिंत एक, मधल्या सुट्टीतला चहा एक. तरी हा माणूस धीट होता की भित्रा, देशभक्त होता की नुसता भिडस्त, याचा मला आजही नीट उलगडा होत नाही. मी पुण्याला ट्रेनिंग घेऊन आलेली, म्हणजे मला माणसं कळतात अशी माझी समजूत. जी गोष्ट दुसरीतल्या पोरांना पहिल्या महिन्यात कळली, ती मला कळायला दोन वर्षं लागली, यावरून त्या समजुतीची किंमत काय ती करावी.

चौतीस साली दिवाळीनंतर मी लोणावळ्याला आले ती थोरल्या भावाच्या आधाराने. अण्णा स्टेशनवर तिकिटं द्यायच्या खिडकीत बसे. शाळेत पहिल्याच दिवशी हेडमास्तरांनी मला शेजारचा वर्ग दाखवायला नेलं. दारातून पाहिलं तर एक उंच, काटकुळा माणूस जमिनीवर मांडी घालून बसलेला, पुढ्यात नारळाच्या करवंट्या मांडलेल्या, आणि एकेक करवंटी नाकाशी नेऊन तो डोळे मिटून वास घेत होता. भोवती पंचवीस-तीस पोरं अगदी गप्प. मला वाटलं, या शाळेत आमटी शिकवतात की काय.

"हे आमचे तिकोणे," हेडमास्तर म्हणाले. "पोरांकडून कार्डं करून घेतात. संक्रांतीची."

गुरुजींनी डोळे उघडले, मला नमस्कार केला आणि एक करवंटी पुढे केली. "बाई, ह्याचा वास घ्या. घेवड्याचा पाला हाय. आत्ताच चुरलाय."

मी वास घेतला. पाल्याचा वास पाल्यासारखा होता. यावर काय बोलायचं असतं ते ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं नव्हतं.

संक्रांतीची छापील कार्डं तेव्हा पुण्याच्या दुकानांत मिळत. वर सुगडं नाहीतर पतंग, आत दोन ओळी आणि कागदाच्या पुडीत चार दाणे हलव्याचे. आमच्या पोरांना ती कोण आणून देणार? मावळातली निम्मी बापमाणसं मुंबईला गिरणीत नाहीतर गोदीत. शिमग्याला यायची, भातकापणीला जमलं तर यायची. संक्रांतीला कुणी येत नसे. गुरुजी पवन मावळातल्या एका शेतकऱ्याचा मुलगा. त्यांचे स्वतःचे वडील असेच मुंबईला राहिलेले. त्यामुळे दिवाळी उरकली की त्यांच्या वर्गात चित्रकलेचे सगळे तास कार्डांचे. लग्नपत्रिकांच्या पाठी, कापडदुकानातले पुठ्ठे, कुणाकडचे पाठकोरे कागद, सगळं गोळा व्हायचं. रंग घरचे. कुंकू, हळद, गेरू, नीळ, तव्याची काजळी, आणि हिरव्यासाठी घेवड्याचा पाला. बाभळीच्या डिंकात ते कालवायचे आणि काडीला कापूस गुंडाळून भरायचे. एकाच चाळीत राहणाऱ्या बापांची कार्डं एका पाकिटात जात, म्हणजे वरळीला एकाने पाकीट फोडलं की सगळ्या खोलीची संक्रांत होई. हुसेन टांगेवाल्याची नूर त्याच तासाला आपल्या मामूसाठी ईदचं कार्ड करायची, आणि गुरुजी तिलाही तेच सांगायचे जे बाकीच्यांना सांगत.

काय सांगत? पहिलं म्हणजे, "घडी एकदाच घालायची. मोडलेली घडी कागद विसरत न्हाई." वर्गात ते पुस्तकी मराठी बोलायला जात, पण कार्डांचा तास आला की गाडी आपोआप गावाकडे वळे. दुसरं म्हणजे, काडी हातात घेण्याआधी डोळे मिटायचे आणि ज्याला कार्ड धाडायचं त्याचे हात आठवायचे. तोंड नाही, हात. "कार्ड हातात पडतं. मंग हात नगं का ठावं असाया?" पोरं डोळे मिटून सांगत. कुणाच्या बापाचं बोट गिरणीत गेलेलं, कुणाच्या भावाच्या मनगटावर गोंदलेलं. मी भिंतीपलीकडून ऐकायची. माझ्या वर्गात बे एके बे चाललेलं असे, आणि पलीकडे तीस मुंबईकरांचे हात.

सगुणा नावाची एक मुलगी होती, तुंगार्लीकडून चालत यायची. तिच्या बापाला गावी येऊन तीन वर्षं झाली होती. डोळे मिटून बसली आणि बसूनच राहिली. शेवटी म्हणाली, "गुरुजी, मला न्हाई आठवत." आणि रडायला लागली. मी असते तर बाळ रडू नकोस वगैरे म्हटलं असतं. गुरुजींनी तिचा पंजा कार्डावर उताणा नाही, पालथा ठेवला, काजळीच्या काडीने भोवती रेघ ओढली आणि म्हणाले, "तुजा हात धाड. त्यो आपला मोजून घील."

पंधरा दिवसांनी मुंबईहून पोस्टकार्ड आलं. अक्षर दुसऱ्या कुणाचं तरी, लिहून घेतलेलं. पाठीमागे मात्र पेन्सिलीने ओढलेला एक भलामोठा पंजा, कार्डाबाहेर बोटं गेलेली. सगुणेने आपला हात त्यावर ठेवला. वर्षभर ते पोस्टकार्ड तिच्या दप्तरात होतं आणि ती जो येईल त्याला त्यावर हात ठेवून दाखवी. मीही बघितलं, दोनदा.

इथपर्यंत माझा काही गोंधळ नव्हता. जरा चक्रम, पण लाखातला मास्तर, एवढं मी ठरवून टाकलं होतं. गोंधळ सुरू झाला तो राघूंपासून.

माझी तिथली पहिलीच संक्रांत. जानेवारीतली लोणावळ्याची थंडी ज्याने काढली त्यालाच ठाऊक. त्या आठवड्यात गुरुजींना सडकून पडसं झालं होतं. नाक लाल, उपरण्याचं टोक सारखं नाकाला. तशातच त्यांनी पोरांना नमुन्याचं कार्ड करून दाखवलं. पेरूच्या फांदीवर राघू. चित्र उत्तम, त्यांचा हात फार चांगला होता. फक्त राघू तांबडाभडक होता आणि चोच हिरवीगार.

मी मधल्या सुट्टीत बघितलं तर तीसच्या तीस कार्डांवर तांबडे राघू. एकानेही हिरवा काढला नव्हता. मी एका मुलाला विचारलं, "का रे, राघू असा असतो?"

"आमच्या गुरुजींचा आसाच आसतो," तो म्हणाला, आणि मी काहीतरी वाईट बोलले असावे अशा नजरेने माझ्याकडे बघत राहिला.

कार्डं मुंबईला गेली. उत्तरं आली त्यात एका बापाने लिहून घेतलं होतं, की तिकडे राघूंना काही रोग आलाय काय. अण्णाला हे सांगितल्यावर तो खूप हसला. पोस्टमन तर आधीच आमच्यावर नाराज होता. कार्डांवर पोरं हलव्याचे दाणे चिकटवत, आणि त्याच्या थैलीला मुंग्या लागत. आता हे राघू. गावभर झालं. गुरुजी त्यावर कुणाशी चकार शब्द बोलले नाहीत. दोन दिवस त्यांनी चहासुद्धा घेतला नाही. आणि तेव्हापासून एक नियम झाला. गुरुजींना पडसं झालं की कार्डांचा तास बंद. कागदावर शिंका पडू नयेत म्हणून असेल, असं मी धरून चालले. आपल्या सोयीची कारणं आपल्याला लगेच सुचतात.

दुसरा गोंधळ रंगांच्या डब्यांचा. तुंगार्लीला मुंबईच्या एका शेठजींचा बंगला होता. हवा खायला येत. बाईसाहेबांनी पोरांची कार्डं कुठेतरी पाहिली आणि शाळेला दोन डझन विलायती रंगांचे डबे पाठवून दिले. पत्र्याचे चपटे डबे, आत बारा-बारा वड्या, शिवाय केसांचा ब्रश. माझी पोरं वेडी व्हायची बाकी राहिली. हेडमास्तरांनी ते सगळे गुरुजींच्या स्वाधीन केले. गुरुजींनी एक डबा उघडला, नाकाशी नेला, मिटला. मग सगळे डबे कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली हेडमास्तरांच्या टेबलावर आणून ठेवली.

"का हो?" हेडमास्तर म्हणाले.

"आपलं घरचं बरं हाय," गुरुजी म्हणाले आणि वर्गात गेले.

झालं. त्या काळात घरचं बरं हे वाक्य साधं नव्हतं. गावात खादीवाली मंडळी होती. त्यांच्या कानावर गेलं की एका मावळी मास्तराने शेठजींचे विलायती डबे कुलपात टाकले. रविवारी ते पाच-सहा जण शाळेच्या ओट्यावर आले, गुरुजींना बोलावून आणलं, गळ्यात सुताचा हार घातला आणि दोन शब्द बोला म्हणाले. गुरुजी उभे राहिले. हाराकडे बघितलं, लोकांकडे बघितलं. "मी काय क्येलं ते माझं मला ठाऊक," म्हणाले. "तुमी म्हनता तसं ते न्हाई." लोकांनी टाळ्या वाजवल्या. विनय म्हणाले.

सोमवारी चहाच्या वेळी त्यांनी मला विचारलं, "बाई, घातलेला हार परत कसा द्यायचा आसतो?"

मी म्हटलं, हार कुणी परत देतं का? मान मिळाला तर घ्यावा.

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "मंग आता सूत काढाया पायजे. न्हाईतर खोटं ठरंल."

आणि खरंच, त्यांनी कुठून तरी टकळी आणली. संध्याकाळी शाळेच्या पायरीवर बसून ते सूत काढू लागले. आधी तुटायचं, मग जमलं. वर्षभरात अंगावर खादीचा सदरा आला, मग टोपी. मी पाहत होते आणि मला काही कळत नव्हतं. माणूस आधी पटतं मग खादी घालतो, असं मी समजत होते. यांचं उलटं चाललेलं. गळ्यात पडलेला हार खरा करण्यासाठी हा माणूस सूत कातत बसला होता.

हेडमास्तरांची मात्र झोप उडाली. शाळेचं अनुदान सरकारी. आणि व्हायचं तेच झालं, कुणीतरी वर कळवलं, आणि शाळाखात्याचे डेप्युटी साहेब तपासणीला येणार असा कागद आला. हेडमास्तरांनी आम्हा दोघांना बोलावून दार लोटून घेतलं. "तिकोणे, डबे का बंद ठेवले, एवढंच ते विचारतील. स्वदेशीसाठी म्हणालात तर नोकरी जाईल. दुसरं काही कारण असेल तर आत्ता मला सांगा."

गुरुजींनी विचारलं, "दुसरं सांगितलं तर चित्रकलेचा तास ऱ्हाईल का माझ्याकडं?"

"दुसरं म्हणजे काय?"

गुरुजींनी नुसती टोपी सारखी केली. त्यांना नोकरीपेक्षा त्या तासाची धास्ती होती, एवढं मला त्यांच्या तोंडावर दिसलं. का, ते दिसलं नाही. तपासणीच्या आदल्या दिवशी हेडमास्तरांनी कपाट उघडवलं. डबे पुसून बाकांवर मांडायला चार मुली लावल्या. सगुणा त्यांत होती; गुरुजी आपला वर्ग घेऊनच वर चढत, म्हणून ती अजून त्यांच्याकडेच होती.

डेप्युटी साहेब आले. जाडे, हसतमुख, म्हणजे धोक्याचे. पोरांची अक्षरं पाहिली, पाढे ऐकले, आणि मग म्हणाले, "तुमच्या शाळेचे तांबडे राघू पुण्यापर्यंत उडत आलेत, बरं का. तिकोणे तुम्हीच ना? हे डबे आहेत. एक कार्ड आमच्यासमोर करा. राघू काढा. राघूच्या रंगाचा."

हेडमास्तर घाम पुसत होते. गुरुजी बाकावर बसले. घडी घातली, एकदाच. काजळीच्या काडीने राघू काढला तो दोन मिनिटांत, फांदीसकट. मग डबा पुढे ओढला आणि उघडला. बारा वड्या. त्यांनी हात पुढे केला, मागे घेतला. त्यांच्या कपाळावरची शीर मला मागच्या भिंतीपासून दिसत होती. एवढ्याशा गोष्टीला हा माणूस इतका का घाबरतो, मला समजेना. राघू हिरवा असतो हे लेकरालाही ठाऊक.

पहिल्या बाकावरून सगुणा म्हणाली, "गुरुजी, वास घ्या की."

साहेब हसले. गुरुजींनी तिच्याकडे बघितलं. मग डबा उचलून नाकाशी नेला, अगदी सावकाश, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे. मधे एका ठिकाणी थांबले. पुन्हा मागे आले, पुन्हा थांबले. डबा खाली ठेवला तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते. त्यांनी ब्रश ओला केला आणि राघू रंगवला. अंग हिरवं, चोच तांबडी, गळ्याभोवती तांबडी कंठी. कुठे चुकलं नाही.

"छान," साहेब म्हणाले. "मग हे डबे बंद का ठेवले होते?"

"साहेब, ह्या रंगांना वास नसतो," गुरुजी म्हणाले.

साहेब इतके हसले की पोट धरलं. शेऱ्याच्या वहीत त्यांनी शिक्षक थोडे विक्षिप्त पण मेहनती असं लिहिलं, चहा घेतला आणि गेले.

सगळे पांगल्यावर मी तो डबा उचलून पाहिला. हिरव्या वडीवर घेवड्याचा पाला चोळलेला होता, बोटाच्या पेराएवढा चुरा अजून खाचेत होता. तांबड्या वडीवर कुंकू. मी सगुणेला कोपऱ्यात घेतलं.

"हे कुणी केलं?"

"आमी."

"का?"

तिने माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "गुरुजींस्नी तांबडं आन हिरवं येगळं दिसत न्हाई, बाई. त्ये वासावर वळखत्यात. पडसं झालं की चुकत्यात."

"तुम्हाला कधीपासून माहीत?"

"पयल्यापास्नं."

"मग कधी बोलला नाहीत ते?"

"त्यांनी कवा इचारलं न्हाई," सगुणा म्हणाली.

मी तिथेच बाकावर बसले. करवंट्या, पडसं, राघू, कुलूप, सगळं एकदम डोक्यात फिरायला लागलं. तीस पोरांनी जाणूनबुजून तांबडे राघू काढले होते, गुरुजी एकटे पडू नयेत म्हणून. आणि मी, ट्रेनिंगवाली, शिंकांचा विचार करत होते. मला स्वतःची लाज वाटली, हे सरळ सांगते.

घरी येऊन अण्णाला सांगितलं तर तो पानात चुना लावता लावता थांबला. "तिकोणे? पवन मावळातला? अगं, तो आला होता की रेल्वेत भरतीला. घाटातल्या इंजिनावर फायरमन व्हायचं म्हणून. डोळ्यांत नापास झाला. टेबलावर रंगीत लोकरीच्या लडी टाकतात, तांबड्या तांबड्या वेगळ्या काढा म्हणतात. याने तांबड्यांत हिरव्या घातल्या. तिथल्या तिथे बाहेर काढला. पोरगं दोन दिवस स्टेशनावर बसून होतं."

म्हणजे एकदा डोळ्यांपायी बाहेर काढलेला माणूस. पुन्हा कळलं तर पुन्हा काढतील, ही ती धास्ती.

दुसऱ्या दिवसापासून त्या वर्गात एक बदल झाला. करवंट्या देताना पोरं नाव सांगू लागली. "कुंकू, गुरुजी." "घेवडा, गुरुजी." गुरुजी "आन" म्हणत आणि घेत. याबद्दल कुणी कुणाशी काही बोललं नाही. मीही नाही. एकदाच, संध्याकाळी पायरीवर टकळी फिरवताना घाटातून इंजिनाची शिट्टी आली, तेव्हा ते आपणहून म्हणाले, "तांबडा दिवा आन हिरवा दिवा. दोनच गोष्टी कळाया पायज्ये होत्या, बाई."

मी म्हटलं, सूत आज बारीक आलंय.

बेचाळीस साल आलं. गावातल्या खादीवाल्यांतले दोघे पकडले गेले. त्यांची पोरं आमच्याच शाळेत. दिवाळीनंतर कार्डांचा तास सुरू झाला तेव्हा त्या पोरांनी विचारलं, आमचा बाप मुंबईला न्हाई, तुरुंगात हाय, आमी कुटं धाडायचं? गुरुजी म्हणाले, "तितंच धाडायचं. हात काय, तितंबी हातच आसत्यात." कार्डं गेली. तुरुंगात ती उघडली गेली, पाठवणाऱ्या शाळेचं नाव वाचलं गेलं, आणि विलायती डब्यांवर बहिष्कार टाकणारे खादीधारी मास्तर ही जुनी नोंद कुणीतरी बाहेर काढली. संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात पोलीस शाळेत आले.

हेडमास्तर आता थकले होते. पण भला माणूस. त्यांनी फौजदाराला बाहेर बसवलं आणि गुरुजींना म्हणाले, "तिकोणे, मला आता सगळं ठाऊक आहे. बाईंनी आजच सांगितलंय. ते डबे तुम्ही डोळ्यांमुळे बंद ठेवले होते, एवढं लिहून द्या. मी सही करतो. बहिष्कार नव्हताच मुळी. आजच्या आज सुटाल."

गुरुजींनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मग टोपी काढून हातात घेतली, तिच्याकडे बघत म्हणाले, "न्हाई देत."

"अहो, पण खरं तेच तर आहे!"

"तवा खरं व्हतं," गुरुजी म्हणाले. "मंग इतकी वर्सं सूत काडलं ते काय?"

तिथे माझा पुरता गोंधळ उडाला, आणि खरं म्हणजे रागही आला. डोळ्यांचं लपवायचं म्हणून हा माणूस तुरुंगात निघाला आहे, असं माझं मन म्हणत होतं. एवढी कसली लाज? दुसरं मन म्हणत होतं, की नाही, हार खरा झाला. रात्रभर मी दोन्ही बाजूंनी भांडले. अण्णा म्हणाला, झोप आता, दोन्ही असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने त्यांना पुण्याला नेणार होते. स्टेशनवर मी गेले, हेडमास्तर आले, वर्गातली सात-आठ पोरं शाळा बुडवून आली. दोन शिपायांच्या मधे गुरुजी उभे होते. थंडी मी म्हणत होती आणि त्यांना पडसं झालं होतं. नाक लाल, उपरण्याचं टोक नाकाला, अगदी पहिल्या संक्रांतीसारखं. तेवढ्यात वडगावकडून आलेल्या गाडीतून सगुणा उतरली. तिचं लग्न होऊन ती वडगावला नांदत होती, कडेवर मूल. तिला कुणी कळवलं कोण जाणे. ती शिपायांना न जुमानता सरळ पुढे गेली आणि पदराखालून कार्ड काढून गुरुजींच्या हातात दिलं.

गुरुजींनी घडी पाहिली. एकच. कार्ड उघडलं, सवयीने नाकाशी नेलं, आणि मान हलवली. काही वास येत नव्हता. कार्डावर राघू होता.

मी दोन पावलं पुढे झाले. हळूच कानात सांगावं, असं मनात होतं. त्याआधीच ते मोठ्याने, शिपाई, हमाल, हेडमास्तर, डब्यातले उतारू, सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले,

"बाई, मला तांबडं-हिरवं कळत न्हाई. राघू कंच्या रंगाचा हाय?"

शिपाई एकमेकांकडे बघू लागले. माझ्या डोळ्यांपुढचं कार्ड धूसर झालं होतं. मी डोळे पुसून नीट बघितलं.

"तांबडा आहे, गुरुजी."

"आन चोच?"

"हिरवी."

गुरुजी हसले. सगुणेच्या मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला. "बराबर हाय," म्हणाले, कार्ड मिटून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवलं आणि शिपायांच्या पुढे डब्यात चढले.

सुटून आल्यावर ते पवन मावळात गेले, भात लावू लागले, एवढं कानावर आलं. मी तोवर पुण्याला गेले होते. माझी त्यांची पुन्हा गाठ पडली नाही.